बॅटचं विलो ठाऊक, आपला वाळुंज कुठाय?

मंडळी, 'इंग्लिश विलो भारी की काश्मीर विलो' यावर आपल्याकडे पारावर तासभर वाद रंगतो. पण त्याच विलोच्या कुळातलं एक झाड आपल्या नदीकाठी उभं आहे, हे किती जणांना माहीत आहे? नाव वाळुंज. आडनाव ऐकलं असेल, झाड पाहिलंय का?

लांबट टोकदार पानं, खालून पांढुरकी. पाय कायम पाण्यात. मुळांचं जाळं असं की पुरातही काठाची माती धरून ठेवतं.

गेल्या आठवड्यात आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला जेसीबी फिरला. सुशोभीकरण! विचारलं तर उत्तर मिळालं, 'झुडपं काढली.' आता तिथं काँक्रीटची भिंत आणि वर पेव्हर ब्लॉक येणार.

खरं सांगतो, या कामाच्या मंजुरीची बातमी मीच केली होती. मथळा होता 'नदीकाठचा कायापालट'. तेव्हा काठावर काय उभं आहे ते बघायला मी गेलो नव्हतो. चूक माझीही आहे.

'एखादं झाड ठेवू की' असं म्हणतील. त्यानं भागत नाही. वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकट्या झाडाला बी धरत नाही. बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडतं, आणि थोड्याच दिवसांत ओला गाळ मिळाला नाही तर मरतं. काँक्रीटवर ते रुजणार कुठं? म्हणजे भिंत आजचं झाड तर तोडतेच, पुढच्या सगळ्या झाडांची जागाही खाते.

नगरपालिका हद्दीत झाडं तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते. आधी जाहीर सूचना, मग हरकती. ती सूचना कुठं लागली होती? कागद दाखवा, मी इथंच छापतो.

विकासाला विरोध नाही. घाट हवाच, पायऱ्याही हव्यात. पण उरलेला काठ मातीचा राहू द्या. झाडं मोजा, नावानिशी मोजा, 'झुडपं' म्हणून नाही. आणि पुन्हा लावायला लाखाचं टेंडर नको. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली की फुटते. नर-मादी दोन्ही झाडांच्या आणा म्हणजे झालं.

रविवारी सकाळी सात वाजता घाटावर भेटू. उरलेली झाडं मोजायची आहेत. वही मी आणतो, तुम्ही या.