चेंडू विहिरीत गेला तर कोणी आणायचा?

मला क्रिकेट फार आवडते. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सातवीची पोरे म्हणतील, "याला बॅटिंग मिळत नाही म्हणून लिहिलंय." बॅटिंग मिळत नाही हेही खरेच आहे.

आमच्या गावच्या तरुण मंडळाचा संघ आहे. दादा लोक रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या पड जागेवर खेळतात आणि आम्ही सहावीची पोरे फिल्डिंग करतो. मैदानाच्या एका अंगाला जुनी विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूने ढासळला आहे. तिकडची हद्द जवळ पडते म्हणून सगळे सिक्सर तिकडेच मारतात.

गेल्या मे महिन्यात चेंडू विहिरीत गेला. एक दादा मला म्हणाला, "तू हलका आहेस, जा रे, पटकन घेऊन ये." मी उतरलो. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच आहेत, पुढे नुसत्या दगडांच्या खोबणी. शेवाळावरून माझा पाय सटकला आणि मी पिंपळाच्या मुळीला धरून लोंबकळलो. वर सगळे हसत होते. त्यांना वाटले, मी गंमत करतोय. शेजारच्या मळ्यातले आजोबा धावत आले, त्यांनी दोर सोडला, म्हणून मी वर आलो. घरी सांगितले, खेळताना गुडघा फुटला. आता पालकसभेला आई येईल तेव्हा हे वाचेलच. म्हणून इथे खरे लिहिले.

"ज्याने मारला त्याने आणायचा" असा आमच्यात नियम आहे, पण मोठ्यांनी मारला की तो कुणालाच आठवत नाही. मला तर तो नियमच चुकीचा वाटतो. विहिरीत मोठ्यानेही उतरू नये. त्या आजोबांनी नंतर टोपलीत दगड ठेवला, दोराला बांधून टोपली खाली सोडली आणि चेंडू अलगद वर काढला. एवढेच तर काम होते! थोडा वेळ लागतो, लागू दे.

खरा घोळ त्या "पटकन" मध्ये आहे. आपल्या देशाकडून कसोटी खेळलेले रमण लांबा 1998 साली ढाक्याला एका सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहिले. षटकाचे दोन-तीनच चेंडू उरले होते, तेवढ्यासाठी त्यांनी हेल्मेट घातले नाही. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी ते वारले. एवढ्या मोठ्या खेळाडूचे असे झाले, तर आपली काय कथा!

आणि आता मंडळ लेदरचा चेंडू आणणार म्हणे. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आतच असतो, मोठ्यांचा लेदरचा 156 ते 163 ग्रॅम. 13 वर्षांखालील मुलांसाठी वेगळा, 133 ते 144 ग्रॅमचा मिळतो. आणायचाच तर तो आणा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचा नियम आहे की, स्लिप-गली सोडली तर 13 वर्षांखालच्या मुलाला फलंदाजापासून 11 यार्डांच्या आत उभे करायचे नाही. म्हणजे अर्धी खेळपट्टी. आमच्याकडे कॅच सुटू नये म्हणून सर्वांत लहान पोरालाच पुढे ढकलतात! मंडळाकडे हेल्मेट एकच, तेही मोठ्यांच्या मापाचे. मी घालून पाहिले तर डोळ्यांवर आले.

आणखी एक. अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असतो, त्यामुळे दर षटकाला भांडण, आणि मग शिव्या. 1980 साली मुंबईच्या कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिले होते. आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना तो बाद वाटला नाही, म्हणून त्यांनी त्याला परत बोलावले. आपण तो सामना 10 गडी राखून हरलो. पण विश्वनाथांचे नाव लोक अजून काढतात. आमच्या मैदानावर असे कोणी केले तर त्यालाच दुसऱ्या दिवशी घेणार नाहीत.

पालकांना माझी विनंती आहे की, ग्रामपंचायतीत बोलून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्यावी. तोपर्यंत दादांनी खेळपट्टी फिरवावी, म्हणजे फटके माळाकडे जातील. टोपली मी आमच्या घरून आणतो. दोर कोणीतरी आणा.

– इयत्ता सहावीचा एक विद्यार्थी