जावयाचा पगार नंतर विचारा

खुलताबादच्या आमच्या मुली शिकल्या. उद्या एखादीला जर्मन नागरिकाचे स्थळ आले, तर आईबाप जावयाचा पगार विचारतील. आम्ही म्हणतो, आधी मुलीला तिथे काम करता येते का ते विचारा. जर्मनीत नवऱ्यासोबत राहण्याचा परवाना मिळाला की नोकरी-धंद्याला वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेत एच-४ व्हिसावरच्या बायकांना हा हक्क २०१५ साली मिळाला, तोही काहींनाच. मात्र जर्मन व्हिसासाठी बहुधा आधी भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती होते. संसार ३ वर्षांच्या आत मोडला, तर परवाना धोक्यात येतो. मारहाणीसारख्या प्रकरणात सवलत आहे. मायबापहो, लग्नाचा खर्च कमी करा, मुलीला भाषेच्या वर्गात घाला.