फोटोतली वॅगन आर

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. मला १७,१४८ रुपयांना चुना लागलेला आहे. हे आत्तापर्यंत आमच्या मजल्यावरच्या चौघांना आणि घरी आण्णांना एवढ्यांनाच माहीत होतं. आता सगळ्या कॉलेजला कळेल. कळू दे. त्यासाठीच हा लेख आहे.

झालं असं. आजीला दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. एस.टी.ची चढउतार तिला जमेना, म्हणून आण्णांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. फोन करून म्हणाले, "तू इंजिनिअर होणार आहेस, तूच बघ नेटवर." झालं! २०२४ च्या दसऱ्याच्या आधी मी सबमिशन बाजूला ठेवून गाड्या बघत बसलो. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर पांढरी वॅगन आर दिसली. एक हात वापरलेली, पुणे पासिंग, टायर नवे, किंमत एक लाख पाच हजार. तसल्या बाकीच्या गाड्या दोन लाखांच्या पुढे होत्या. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

फोन लावला तर पलीकडे "जय हिंद साहब!" आपण लष्करात आहोत, बदली जम्मूला झाली आहे, म्हणून घाईत विकतोय, असं तो म्हणाला. लगेच ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, आरसी बुकाचा फोटो. मी हुशारी केली. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून बघितला. मॉडेल जुळलं, वर्ष जुळलं, मालकाच्या नावाची दिसतात तेवढी अक्षरंही जुळली. आता आणखी काय पाहिजे?

गाडी बघायला येतो म्हटलं, तर म्हणे कॅम्पात सिव्हिलियनला सोडत नाहीत. गाडी लष्कराच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, चालवून बघा, मग पैसे द्या. आत्ता फक्त वाहतुकीचे ३,१५० भरा. भरले. मग गेटपास आणि विम्याचे ६,९९९, तेही "परत मिळणारे". भरले. मग म्हणे सिस्टिममध्ये एंट्री अडकली आहे, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही एकदम परत येतील. तेही भरले! शेवटी त्याने पैसे परत करण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. मी स्कॅन करून पिन टाकणार, इतक्यात रूम पार्टनरने मोबाइल हिसकावून घेतला. "येड्या, पैसे घ्यायला पिन कधीपासून लागायला लागला?"

त्या एका वाक्याने खात्यातले उरलेले पैसे वाचले. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या क्षणी डोकं गाडीत बसून मिरजेला निघालं होतं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्याने पाठवलेली आरसी खोटी नव्हती. गाडी खरी होती, मालकही खरा होता. फक्त माझ्याशी बोलणारा तो मालक नव्हता. कुणीतरी खऱ्या माणसाने गाडी विकताना कुणाला तरी कागदांचे फोटो पाठवले असणार, तेच माझ्यापर्यंत फिरत आले. म्हणजे मी कागद तपासला, माणूस तपासलाच नाही. ॲपवर माहिती जुळली म्हणजे गाडी अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध होतं. समोरचा तिचा मालक आहे हे नाही.

म्हणून माझा नियम आता एकच आहे: गाडी आणि गाडीचा मालक, दोघं एका जागी, दिवसाउजेडी समोर दिसल्याशिवाय एक रुपयाही सोडायचा नाही. टोकन नाही, ट्रान्सपोर्ट नाही, काही नाही. जाताना एकटं जायचं नाही. शक्यतो ओळखीचा मेकॅनिक न्यायचा. चॅसिस नंबर गाडीवर वाचून आरसीशी ताडायचा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा आणि सीटखालची पट्टी बघायची; चिखल किंवा गंज दिसला तर गाडी पाण्यात बसली असल्याची शंका घ्यायची. २०१९ चा महापूर बघितलेल्या आम्हा सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. टायरवरचे चार आकडे वाचायचे: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. "नवे टायर" किती नवे ते तिथेच कळतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा करायचा नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. हे झाल्यावर मी चार दिवस गप्प बसलो. का? तर मेसमध्ये हसतील म्हणून. आपल्याकडे एखादा फसला की त्याचं वर्षभराचं टोपणनाव ठरतं. मीही पूर्वी असाच हसलो आहे. चौथ्या दिवशी १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. पण तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. ती संधी चोराने नाही, माझ्या लाजेने घालवली. फसवणाऱ्याला आपल्या हावेइतकाच आपल्या लाजेचाही उपयोग होतो.

आणि आपण स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कितीतरी बाइक तीन-चार बॅच आधीच्या सिनियरच्या नावावर फिरताहेत. सहीचा कोरा टीटी फॉर्म एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि आपण त्याला व्यवहार म्हणतो. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३० भरून. उद्या अपघात झाला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की, रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे कुठेतरी नोकरी करणारा आपला सिनियर, ज्याने चार वर्षांपूर्वी गाडी विकली, तो अडकणार.

रेक्टर सरांना एक विनंती आहे. पार्किंगचं स्टिकर देताना आरसीवरचं नाव बघावं, आणि नोटीस बोर्डावर मेसच्या वेळापत्रकाशेजारी १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात लावावा. फायनल इयरच्या मित्रांनो, फेअरवेलच्या फोटोआधी गाडी नावावर करून द्या.

गाडी आम्ही शेवटी घेतली. तासगावच्या एका शिक्षकांची, थोडी महाग, पण त्यांच्या अंगणात उभी असलेली. आण्णा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच दिवशी सांगायचं होतंस रे." ते वाक्य मला १७,१४८ पेक्षा जास्त लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी फसून आला, तर आधी हसू नका. आधी त्याला फोन लावून द्या. मग पाहिजे तर हसा.