ताप नव्हता, तरी रक्तात जंतू होते

"ताप तर नव्हताच भाऊ. अंग जरासे कोमट होते. मग रक्तात जंतू गेले कसे?"

हा प्रश्न आम्हाला आमच्या वस्तीतील एका बिडी वळणाऱ्या माऊलीने विचारला. स्वतःची एक किडनी तिने पोटच्या मुलाला दिली आहे. ऑपरेशन नागपूरला झाले, मुलगा हिंडूफिरू लागला, घरात आनंद आला. चार महिने झाले आणि धानाच्या रोवणीचे दिवस आले. एके संध्याकाळी मुलाचे अंग मोडून आले. थर्मामीटर लावला तर पारा ९९ वर. चौकातील मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. तिसऱ्या दिवशी मुलगा आईलाच ओळखेना. मग भाड्याची गाडी, नागपूर आणि मोठे इस्पितळ. लघवीच्या मार्गातील जंतू रक्तात शिरले होते. तीन आठवड्यांनी मुलगा घरी आला, किडनीही वाचली; पण बकऱ्या विकल्या गेल्या आणि कर्ज झाले ते वेगळेच.

त्या माऊलीची चूक आम्ही मानत नाही. तिला कोणी नीट समजावून सांगितले नव्हते, म्हणून आज हा विषय.

आपल्याकडे एका बांधीतील परे उपटून दुसऱ्या बांधीत रोवतात. माती त्यांना परके म्हणत नाही. माणसाचे शरीर मात्र तसे नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. आपले कोण, परके कोण, हे त्या ओळखतात. जंतू परका, म्हणून त्याच्यावर तुटून पडतात. दुसऱ्याची किडनीही परकीच, मग ती आईची का असेना, म्हणून तिच्यावरही तुटून पडतात. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. एका भावाची किडनी दुसऱ्याच्या शरीराला परकी वाटलीच नाही. पण असा जुळा भाऊ कितीजणांना असतो?

इतरांसाठी एकच मार्ग उरला: पहारेकऱ्यांना औषधाने शांत करणे. त्याची किंमत काय, हे ३ डिसेंबर १९६७ नंतर जगाने पाहिले. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की या रुग्णाला दुसऱ्याचे हृदय बसविले. नवे हृदय चांगले चालले. पण पहारा ढिला पडलेल्या शरीरात न्यूमोनियाने घर केले आणि १८ व्या दिवशी रुग्ण दगावला. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयाचे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. नंतर १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि चित्र पालटले. आज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या देतात. नवी किडनी चालते आहे तोवर त्या रोज घ्याव्या लागतात.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येऊ. ताप जंतू आणत नाहीत, ताप आपले शरीर आणते. पहारेकऱ्यांनी चोर पाहिला की ते आरोळी ठोकतात. ती आरोळी म्हणजे ताप, सूज, लाली, ठणका. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे पहारेकरी औषधाने गुंगीत असतात. चोर घरात शिरतो, पण आरोळी दबक्या आवाजात निघते, कधी निघतही नाही. म्हणून इतरांचा ९९ आणि अशा रुग्णाचा ९९ एकाच मापाने मोजू नये. पहिले सहा महिने धोका जास्त, कारण त्या काळात औषधाची मात्रा मोठी असते. किडनी बसविलेल्यांच्या रक्तात जंतू जातात ते बहुधा लघवीच्या मार्गातून. डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी किंवा ऑपरेशनची जखम, याही वाटा आहेतच.

यात दिलासा देणारी एक गोष्टही आहे. रक्तात जंतू गेल्यावर केवळ जंतूच नुकसान करतात असे नाही. शरीराचा स्वतःचा बेफाम प्रतिकारही फुप्फुस, किडनी, यकृत यांना इजा करतो. यालाच डॉक्टर सेप्सिस म्हणतात. अमेरिकेत नेब्रास्का येथील डॉक्टरांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातील जंतूंमुळे सेप्सिस झालेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णांपेक्षा कमी आढळले. पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या औषधाने तो बेफामपणाही आवरला जात असावा, असा एक विचार त्यातून पुढे आला. पण वाचकहो, हे सारे रुग्ण इस्पितळात होते, त्यांच्यावर उपचार चालू होते. घरी गोळी खाऊन वाट पाहणाऱ्याला हा दिलासा लागू नाही.

तेव्हा ज्या घरात असा माणूस आहे, त्या घराने एवढे करावे.

घरात थर्मामीटर ठेवावा. पारा १०० च्या वर गेला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजली, लघवी कमी झाली वा जळजळली, धाप लागली, बसविलेल्या किडनीच्या जागी दुखले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करून निघावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. रक्तातील जंतू कोणता हे कळण्यासाठी ब्लड कल्चर करतात. त्याचे रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतलेले बरे, नाहीतर जंतू पकडला जात नाही. शिवाय काही अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची रक्तातील मात्रा वाढवितात, काही कमी करतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या किडनीलाच मारक आहेत.

प्रतिकारशक्ती वाढविणारा काढा कोणी कितीही प्रेमाने आणला तरी देऊ नये. झोपविलेले पहारेकरी जागे झाले, तर ते आधी नव्या किडनीवर जातील. आणि जंतूच्या भीतीने रोजच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हेही तितकेच घातक. त्या कमी करायच्या की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे.

पाणी उकळून प्यावे, शिळे अन्न टाळावे, साबणाने हात धुवावेत. पहिल्या वर्षी अशा माणसाला अनवाणी चिखलात रोवणीला उतरवू नये. घरात कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर त्याची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावी, कारण क्षय अशा शरीरात लवकर शिरतो.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या माणसाला आधी गाडी गाठायची, मग हे अंतर कापायचे. म्हणून आपल्याला लवकर निघावे लागते. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रकृती फारच बिघडली असेल तर प्रथम जवळच्या इस्पितळात जावे आणि पाय ठेवताच सांगावे, "याला किडनी बसविली आहे." औषधांची चिठ्ठी व केंद्राचा फोन नंबर रुग्णाच्या खिशात नेहमी असावा.

त्या माऊलीने आता दाराच्या मागे खिळ्याला थर्मामीटर टांगला आहे. तिला वाचता येत नाही. नात पारा वाचून सांगते. परवा पुन्हा पारा थोडा चढला. तिने कोणालाही विचारले नाही, पहिली गाडी धरली आणि मुलाला घेऊन नागपूर गाठले. लघवीतील जंतू लघवीतच पकडले गेले आणि चौथ्या दिवशी मायलेक घरी आले.

वाचकहो, हा मजकूर कापून ज्याला गरज आहे त्याच्या घरी पोहोचवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.