खाणीचे दार

उंद्रीच्या बैठकीत एक मुलगी म्हणाली, "मला धातुशास्त्राची इंजिनीअर होऊन खाण कंपनीत मोठी अधिकारी व्हायचंय." बायका हसल्या. मला हसू आले नाही.

१९३७ साली बायांना भूमिगत खाणकामाची बंदी झाली. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा हवा होता, तेव्हा ती उठवली. १९४६ मध्ये पुन्हा लादली. म्हणजे काळजी आपल्या जिवाची नव्हती, सोय त्यांची होती! १९५२ च्या खाण कायद्यानेही बंदी कायम ठेवली. जमिनीखालचा अनुभवच नाही, तर वरची खुर्ची कशी मिळणार?

२०१९ मध्ये दार उघडले, तेही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरते. इंजिनीअर आत गेली, मजूर बाई बाहेरच राहिली.

मैत्रिणींनो, या मुलीला बळ देऊ या. आणि ती खुर्चीत बसली की विचारू या, "बाई, तुझ्यामागून कोण आत आलं?"