ब्रेकवरचा खर्च वाचवायचा तो असा

दसऱ्याला गाडी स्वच्छ धुवायची, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा, ही रीत आता गावोगाव आहे. बैलगाडीच्या जागी दारात मोटार किंवा पिकअप उभी राहिली, तरी जिच्यावर घर चालते तिची पूजा करण्याची आपली सवय सुटलेली नाही. पण बैलाची नाल झिजली की लगेच आपल्या ध्यानात येते. मोटारीचा ब्रेक झिजला ते मात्र गॅरेजवाल्याने बिल हातात ठेवल्यावरच कळते. पॅड बदलले, डिस्क बदलली, वर मजुरी. मग घरात वाद: एवढा खर्च खरेच होता का?

बहुतेक वेळा त्यातला निम्मा-अधिक खर्च टाळता आला असता. मात्र तो बिलाच्या दिवशी घासाघीस करून नव्हे, तर दोन-तीन महिने आधी चाकाकडे पाहून. कसा, ते पाहू.

बहुतेक लहान मोटारींना पुढच्या चाकांत डिस्क आणि मागच्या चाकांत ड्रम असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. ड्रममध्ये दोन अर्धगोल बूट आतून बाहेर फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमला घासते. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचे पॅड आधी संपतात. पॅड आणि लायनर हे झिजण्यासाठीच केलेले असतात. ते वेळेवर बदलले तर डिस्क आणि ड्रम पुष्कळ वर्षे टिकतात. वेळ टळली की पॅडची पोलादी पाठ डिस्कवर घासते, तिच्यावर खोल चरे पडतात, आणि पॅडच्या खर्चावर डिस्कच्या जोडीचा खर्च चढतो. खरे नुकसान होते ते इथे.

नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 मिलिमीटरचा असतो. तो 3 मिलिमीटरवर आला, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते साधारण तेवढी जाडी राहिली, की बदलण्याची तयारी करावी. हे पाहण्यासाठी वेगळा खर्च नको. पंक्चर काढायला चाक उतरलेच आहे, तेव्हा दोन मिनिटे वाकून पाहावे. आतल्या बाजूचा पॅडही पाहावा, कारण पुष्कळदा तोच आधी संपतो. आतला आणि बाहेरचा यांच्या झिजेत मोठा फरक दिसला, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना चिखलाने किंवा गंजाने अडकल्या आहेत असे समजावे. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे दुखणे नेहमीचे. पिना काढून साफ केल्या आणि ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले की नवे पॅड पुरते चालतात. नुसते पॅड बदलून पिना तशाच ठेवल्या, तर तोच खर्च लवकरच पुन्हा दारात येतो.

डोळ्यांइतकेच कानही वापरावेत. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून चीं चीं आवाज करते. हा इशारा. खरखर असा आवाज येऊ लागला, तर इशाऱ्याची वेळ टळून गेली. गाडी तिथेच थांबवावी. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळी थोडा आवाज येतो आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर जातो. तो डिस्कवर चढलेल्या हलक्या गंजाचा असतो, त्याला घाबरू नये.

आता मिस्त्रीकडे जाताना. पहिली गोष्ट, उतरवलेले जुने भाग पाहायला मागावेत. दुसरी, "डिस्क बदलावी लागेल" असे ऐकले तर मापाविषयी विचारावे. डिस्कची कमीत कमी जाडी किती चालते आणि ड्रमचा व्यास जास्तीत जास्त किती चालतो, हे आकडे बहुधा त्या भागावरच कोरलेले असतात. जाडी त्या मापापेक्षा पुरेशी जास्त असेल आणि चरे उथळ असतील, तर लेथवर डिस्क साफ करून घेता येते. जाडी मापाच्या खाली गेली असेल, तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तिसरी, मोटार कंपनीच्या खोक्यातलाच पॅड हवा असे नाही. कंपनीला पॅड पुरवणारे नामांकित कारखाने तोच माल आपल्या नावाने बाजारात विकतात आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. फक्त खोके बंद, छापील किंमत स्पष्ट आणि दुकानदाराची पक्की पावती, एवढे पाहून घ्यावे.

काही ठिकाणी मात्र हात आखडून चालत नाही. दात कोरून पोट भरत नाही. एकाच चाकाचे पॅड बदलू नयेत. डाव्या-उजव्या चाकांची जोडी एकदम बदलावी, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. भंगारातले जुने पॅड किंवा बिननावाचा स्वस्त माल घेऊ नये. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचे ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. ओल शिरलेले ऑइल घाटात तापून उकळते, त्यात वाफ धरते आणि पेडल नुसते खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच वापरावे, आणि बाटली ताजी फोडावी. टाकीतली पातळी खाली गेली की नुसती भर घालून स्वस्थ बसू नये. पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल, ते आधी शोधावे. पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नये.

ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे, त्यांनी पॅड बदलण्याचे काम प्रथम जाणत्याजवळ बसून शिकावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. भक्कम स्टँड लावावा, उरलेल्या चाकांना दगड-ठोकळे द्यावेत. विटा ठेवू नयेत, त्या अचानक फुटतात. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसाला घातक आहे. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्यावे. पहिले 200-300 किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसतात.

राहिली चालवण्याची रीत. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाही. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचते, ही समजूत सोडावी. आजची इंजिने गिअरमध्ये उतरताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ बंदच करतात. इंजिनच बंद करून गाडी सोडली, तर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते. बाजाराला निघालेली गाडी मर्यादेबाहेर भरली, तर प्रत्येक थांब्याला ब्रेक जास्त झिजतो, हेही हिशेबात धरावे.

घरच्या हिशेबाच्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवावे. पॅड कधी बदलले, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, ब्रेक ऑइल कधी घातले, एवढे तीन आकडे लिहावेत. ती वही बहुधा घरच्या बाईच्या हाती असते, तेव्हा "आता चाक उघडून पाहा" हे सांगण्याचे कामही तिच्याकडेच द्यावे. रोज त्या गाडीतून शाळेला जाणारी मुले तिचीच आहेत. ती विसरणार नाही.