पदवी कुणाची, हात कुणाचा?

आपल्याकडे काही विषय घरात काढायचे नाहीत, असा अलिखित दंडक आहे. गर्भपात हा त्यातलाच एक. तो होत नाही असे नाही; फक्त त्याचे नाव कोणी घेत नाही. शहरात 'पिशवी साफ केली' म्हणतात, खेड्यात 'खाली केलं' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. पण या कामाला हात कुणी लावायचा, हा प्रश्न मिटत नाही. तो कायद्याने ठरवला आहे, आणि माझ्या मते तिथेच गाडे अडले आहे.

महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ साली अहवाल दिला. चोरून, घाणेरड्या जागी होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ते थांबावे हा त्यामागचा मोठा हेतू. त्यातून १९७१ चा कायदा आला व तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भपात फक्त 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' करील, म्हणजे ॲलोपॅथीची पदवी असलेला आणि स्त्रीरोग-प्रसूतीचे प्रशिक्षण किंवा अनुभव असलेला डॉक्टर, असे त्यात ठरले. इतर कोणी केल्यास दोन ते सात वर्षे सक्तमजुरी, ही तरतूद २००२ साली आली. १९७१ मध्ये ही अट योग्यच होती. तेव्हा गर्भपात म्हणजे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया म्हणजे जोखीम.

पुढे काळ बदलला. २००२ साली मिफेप्रिस्टोन या औषधाला आपल्या देशात परवानगी मिळाली आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात गोळ्यांनी होऊ लागला. कायद्यातला माणूस मात्र तोच राहिला. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढवली, काही गटांतील स्त्रियांसाठी ती २४ आठवड्यांपर्यंत नेली. पण 'कोणी करायचे' या ओळीला हात लावला नाही.

याचा परिणाम काय? २०१५ सालच्या आकडेवारीवर आधारलेला एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. त्यानुसार त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन बायकांच्या बाबतीत कायद्यातला तो डॉक्टर चित्रातच नव्हता. बहुतेक वेळा नवरा नाहीतर दीर मेडिकलमधून पाकीट आणतो. दिवस किती गेले, गर्भ नळीत तर नाही ना, रक्त किती गेले म्हणजे धावत सुटायचे, हे सांगायला कोणी नसते. आपण 'सुरक्षित हात' म्हणून जो दरवाजा अरुंद ठेवला, त्याच्या बाजूने सारी गर्दी भिंत ओलांडून गेली आहे.

आता धडगाव, अक्कलकुवा किंवा भामरागडचा विचार करा. तिथे उपकेंद्रातली नर्सबाई बाळंतपण करते, तांबी बसवते, बाळाला लस देते, रक्तस्राव वाढला तर गाडी बोलावते. बाळंतपणाची जोखीम आपण तिच्यावर निर्धास्त सोपवतो. मात्र नऊ आठवड्यांच्या आतल्या बाईला दोन गोळ्या मोजून देण्याची वेळ आली की ती अपात्र ठरते! यातले तर्कशास्त्र मला तरी उमगत नाही.

२०१४ साली केंद्राच्या मसुद्यात परिचारिका, एएनएम आणि आयुष पदवीधरांना ही परवानगी देण्याचा विचार होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तो विचार बारगळला. विरोधकांचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका विवाहितेच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तो दवाखाना होमिओपॅथीच्या पदवीवर चालत होता. दार रुंद केले तर मुलींचे गळे घोटणाऱ्यांचे फावेल, ही भीती महाराष्ट्रात कोणालाही वाटेल.

पण नीट पाहा. परळीच्या प्रकरणात २०१९ साली न्यायालयाने ज्यांना शिक्षा सुनावली, ते डॉक्टर दांपत्य होते. पदवीने पाप अडले नाही. शिवाय सोनोग्राफीत लिंग कळते ते तिसरा महिना उलटल्यावर. नऊ आठवड्यांच्या आत नव्हे. तेव्हा सुरुवातीच्या गोळ्यांपुरती परवानगी प्रशिक्षित परिचारिकेला दिली, तर लिंगनिवडीला त्यातून वाट मिळत नाही. उलट बाई वेळेत पोचली, तर पुढचे उशिराचे, धोक्याचे गर्भपात कमी होतील.

हे हवेतले बोलणे नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या कायद्याने पहिल्या १२ आठवड्यांसाठी सुईणींना आणि २००८ च्या दुरुस्तीने परिचारिकांनाही ही मुभा दिली. शेजारच्या नेपाळने २००२ मध्ये गर्भपात कायदेशीर केल्यावर परिचारिकांना प्रशिक्षण दिले. आपल्याच बिहार-झारखंडात झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिकांचे काम डॉक्टरांइतकेच सुरक्षित आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. ॲलोपॅथी की आयुष, हा पदव्यांचा तंटा बाजूला ठेवावा. सरसकट कोणालाच परवानगी नको. ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या, परीक्षा दिलेल्या परिचारिकेला, नऊ आठवड्यांपर्यंत, फक्त गोळ्यांसाठी, सरकारी केंद्रात अधिकार द्यावा. बाईचे नाव गुप्त ठेवून प्रत्येक नोंद व्हावी आणि गुंतागुंत झाल्यास कोणत्या रुग्णालयात न्यायचे, ते आधीच ठरलेले असावे. गर्भपात चांगला की वाईट, यावर घराघरांत मतभेद राहतील, राहू देत. पण ज्या बाईचा निर्णय झाला आहे, तिने मेडिकलच्या काउंटरवर नशीब अजमावायचे की ओळखीच्या नर्सबाईसमोर बसून दोन प्रश्न विचारायचे, यावर मतभेद होण्याचे मला कारण दिसत नाही.